पगारे उतरले की कळवतात

रोज सकाळी साडेसातला समोरच्या विंगमधले पगारे गॅलरीत येतात आणि आमच्या मंगलच्या वाळत घातलेल्या साड्यांकडे टक लावून बघत बसतात. मंगल माझी बायको. नवरा म्हणून मला याचं काहीतरी वाटायला हवं. सुरुवातीला वाटलंही. मी जाब विचारायला त्यांचा जिना चढून गेलो आणि म्हटलं, "पगारे, हे बरं दिसत नाही."

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "ती हिरवी सुती साडी बघा, पदराकडून उचलतेय. दहानंतर पश्चिमेचं वारं धरणार. वहिनींना सांगा, रविवारी सिंथेटिक वाळत घालू नका. अंदाज चुकतो."

मी घरी आलो आणि मंगलला सांगितलं, रविवारी सुतीच घाल. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली.

दिनकर पगारे सातपूरच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये तीस वर्षं होते. हा झाला त्यांचा पोटाचा उद्योग. खरा उद्योग म्हणजे हँग ग्लायडिंगच्या स्पर्धा. एका भल्यामोठ्या तिकोनी पंखाला लटकून डोंगरकड्यावरून धावत सुटायचं, आणि पायाखालची जमीन संपली की उडायचं. जो ठरलेल्या दिशेने सगळ्यांत लांब जाईल तो पहिला. कुणी याला पॅराशूट म्हटलं की पगाऱ्यांचा चेहरा पडतो. पॅराग्लायडिंग म्हटलं तर ते खालच्या आवाजात समजावतात, "ते लोक खुर्चीत बसतात हो. आपण पालथे लटकतो."

हा पंख घडी घातली तरी अठरा फुटांची पिशवी होते, आणि ती पिशवी तळमजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत जिन्याच्या कठड्याला बांधलेली असते. नवे भाडेकरू हमखास विचारतात, इथे मंडपवाले कोण राहतात? सोसायटीच्या सभेत दरवर्षी ठराव येतो की ही पिशवी हलवा. मी नियमावली उघडतो. जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली आणि कुंड्या ठेवायला बंदी आहे, पंखांचा उल्लेख नाही. मग चहा येतो आणि चर्चा पाण्याच्या टँकरवर घसरते. आमच्याकडे सगळ्या चर्चा शेवटी टँकरवरच येतात.

पगाऱ्यांचं एक पालुपद आहे. "उतरायचं कुठे ते आधी ठरवा." उडणं कुणालाही जमतं, असं त्यांचं मत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की ते आधी हात धुवायची जागा हेरतात आणि तिच्या जवळची खुर्ची धरतात. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला निघालो होतो, तेव्हा त्यांनी गेटपाशी गाठलं. "मुलगा पसंत नाही पडला तर काय बोलून उठायचं, ते ठरवलंय का?" ठरवलं नव्हतं. तीन तास बसावं लागलं आणि दोनदा पोहे खावे लागले.

त्यांच्याबरोबर लासलगावच्या रस्त्याने जाणं ही एक शिक्षा आहे. खिडकीतून शेतं बघत बोलत राहतात. "हे छान. हे चालेल. इथे विजेच्या तारा, मेलो. इथे द्राक्षबाग, मेलो." मी एकदा विचारलं, द्राक्षांशी तुमचं काय वैर? "कांद्यात उतरलं तर शेतकरी शिव्या देतो, सेक्रेटरी. द्राक्षांच्या मांडवात उतरलं, तर त्या ऐकायला आपण उरत नाही."

स्पर्धांच्या निमित्ताने माणूस फिरलाय खूप. हिमाचलात गेले, दक्षिणेत गेले, एकदा इटलीलाही जाऊन आले. आल्यावर आम्ही सगळे उत्सुकतेने जमलो. इटली कशी आहे? पगाऱ्यांनी विचार केला. "गवत कापलेलं असतं." आणखी? "गाई बाजूला होतात. आपल्याकडच्या होत नाहीत." एवढा प्रवास करून माणूस नंबरात मात्र कधी आला नाही. कधी चौथा, कधी नववा. लग्न त्यांनी केलंच नाही. घरात ते आणि त्यांची आई. म्हातारी ते उडायला गेले की दुपारपासून गॅलरीत बसायची आणि त्यांची जीप गेटात शिरली की एक शब्द न बोलता आत जायची.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर महिन्याभराने पगारे पहिल्यांदा उडायला गेले आणि दिवेलागणीला परतले. मी गॅलरीत उभा होतो. त्यांनी जीपमधून उतरून आधी स्वतःच्या गॅलरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थांबला होतात का, सेक्रेटरी?"

मी थांबलो होतो टँकरसाठी. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून तसं सांगवेना. म्हटलं, "हो. म्हटलं, अजून कसे आले नाहीत."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू झाले. "उतरलो." डोंगरावरून उतरले की "उतरलो". नाशिक रोडला बसमधून उतरले की "उतरलो". एकदा दाढ काढायला गेले होते, खुर्चीतून उतरल्यावर "उतरलो". मी वैतागून मेसेज बघणंच सोडलं. तेव्हा ते स्पर्धेच्या दिवशी फोन करायला लागले.

यंदाची स्पर्धा चांदवडकडच्या डोंगरावरून होती. जाण्याआधी पगारे म्हणाले, "ही शेवटची. गुडघे नको म्हणतायत." आणि नेमके यंदा ते शेवटच्या दिवसापर्यंत पहिले होते. एक उड्डाण नीट झालं की जिंकले. अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. मंगलने आपणहून सुती साडी वाळत घातली होती, आणि त्या दिवशी साधा बुधवार होता.

चारला फोन आला. "सेक्रेटरी, उतरलो."

"वा," मी म्हणालो, "बरं झालं फोन केलात. तुमच्या विंगची मोटर सकाळपासून चालूच राहिलीय, किल्ली कुठे ठेवलीत? आणि टँकरवाला म्हणतो की…" मी बराच वेळ बोलत होतो. मग लक्षात आलं, पलीकडे कुणी नाही.

साडेपाचला अनोळखी आवाज. स्पर्धेचे आयोजक. "पगाऱ्यांचा काही निरोप? ते कुठे आहेत हे दाखवणारं त्यांचं यंत्रही बंद आहे. आम्ही माणसं शोधायला पाठवलीत."

"अहो, ते चारलाच उतरलेत. मला फोन आला होता."

मग त्याने नियम सांगितला. उतरल्याची खबर वैमानिकाने पाचच्या आत आयोजकांना द्यायची. दिली नाही, तर त्या दिवसाचं उड्डाण बाद. "आज सगळ्यांत लांब तेच गेले असणार," तो हळहळत म्हणाला. "बरं, तुम्ही त्यांचे कोण? तातडीचा संपर्क म्हणून तुमचा नंबर आहे. नात्याच्या रकान्यात नुसतं 'वाट बघतात' असं लिहिलंय."

शेजारी, म्हणालो.

सातच्या सुमारास पगाऱ्यांचा फोन आला, कुणाच्या तरी मोबाइलवरून. चाळीसगावच्या अलीकडे एका माळावर उतरले होते, पंख गुंडाळून वस्तीपर्यंत दोन तासांची पायपीट. मागून एक बाई म्हणत होती, "भाऊ, जेवण तयार शे." पगाऱ्यांचा आवाज मजेत होता. आयोजकांशी बोलणं झालं होतं, सहावे आले म्हणाले.

मी भडकलोच. "अहो, फोन चालू होता तर आधी आयोजकांना नाही का करायचा? मी मोटरबद्दल बडबडत बसलो. सांगायचं तरी मध्ये."

"दोन टक्के चार्जिंग होतं. एकच फोन लागला असता." मग म्हणाले, "त्यांच्याकडे खंडीभर माणसं आहेत हो. तुम्ही तिकडे गॅलरीत उभे असणार."

मी उभा नव्हतो. कॉटवर पडून फोन घेतला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पगारे परतायचे होते. मी दुपारी तीनपासूनच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मंगल कपडे काढायला आली आणि म्हणाली, "टँकर तर सकाळीच येऊन गेला. आता कशाला उभे आहात उन्हात?"

"पगारे अजून कसे आले नाहीत," मी म्हणालो.