बिननावाचं घर आणि बाबलचा शंख

एका जंगलात, जिथे झाडं संपून खाडीचा चिखल सुरू होतो तिथे, एक भलंमोठं रिकामं वारूळ होतं. वाळवी ते सोडून केव्हाच निघून गेली होती. आत साप असेल का, असं तुम्ही विचाराल. नव्हता, मुलांनो. मी आधी नीट बघून घेतलं आणि मगच गोष्ट सुरू केली.

या जंगलाचा राजा सिंह. तो या गोष्टीत दोनदाच येतो आणि दोन्ही वेळा लगेच जातो, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

सिंह एकदा शेजारच्या राज्यात लग्नाला गेला होता. तिथे त्याने एक घर पाहिलं. त्या घरात कुणी राहत नव्हतं, नुसत्या वस्तू राहत होत्या. प्राणी रांगेने येत, वस्तूंकडे बघत, ‘हं हं’ करत आणि निघून जात. सिंहाला हे फार आवडलं. परत आल्यावर त्याने आपल्याकडेही असं घर हवं म्हणून सांगितलं, वारुळाकडे पंजा केला आणि तो झोपायला गेला.

काम आलं धनेशरावांकडे. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी दिसते. अध्यक्ष व्हायला तेवढं पुरतं. धनेशरावांनी एक समिती नेमली आणि दवंडी पिटवली, की प्रत्येकाने बघण्यासारखी एक वस्तू आणून द्यावी. मोराने गळलेलं पीस दिलं. सांबराने गळलेलं शिंग दिलं. धामणीने कात दिली. थोडक्यात, ज्याला जे नको होतं ते त्याने मोठ्या मनाने दिलं.

बाबल खेकड्याकडे मात्र एकच वस्तू होती.

बाबल हा शंखात राहणारा खेकडा. अशा खेकड्याची पुढची बाजू टणक असते, पण मागची अगदी मऊ, उकडलेल्या बटाट्यासारखी. म्हणून तो कुणीतरी सोडून दिलेल्या शंखात पाठीकडून शिरतो आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. बाबलचा शंख खाडीत सगळ्यांत देखणा होता. दुधी रंग, त्यावर विटकरी पट्टे. धनेशराव स्वतः चालत आले, म्हणजे उडत आले, आणि म्हणाले की चारच दिवसांचा प्रश्न आहे. घराचं बारसं झालं की शंख परत. अध्यक्ष दारात आल्यावर नाही कसं म्हणणार? बाबलला तसं म्हणता येत नसे. काहींना येत नाही.

बारशाचं असं होतं. त्या जंगलात नाव ठेवल्याशिवाय कुठल्याही घराला नियम लागू होत नसत. वस्तू आत ठेवून दार लावलं, की नाव नाही तोवर आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही.

तेव्हा नाव ठरेपर्यंत बाबल एका करवंटीत राहू लागला. करवंटी मागून उघडी. वारा लागायचा. आणि वर घार फिरायची. ती रोज थोडी थोडी खाली येऊन फिरायची, उगाच आपली, काही मनात नसल्यासारखी. बाबलने दुसरा शंख शोधला नाही असं नाही. पण लहान होते ते अंगाला बसत नव्हते, आणि बसतील अशा शंखांतून आधीच दोन डोळे बाहेर बघत होते.

नावासाठी समितीची बैठक बसली. बाबल करवंटी सावरत एका कोपऱ्यात उभा राहिला.

पहिल्यांदा रोहितताई बोलल्या. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, लांब पायांच्या, गुलाबी, दर हिवाळ्यात खाडीवर येणाऱ्या. त्यांनी जग पाहिलं होतं. त्या म्हणाल्या की पार समुद्रापलीकडे यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, देशात विद्येच्या आणि गाण्याच्या नऊ देवी होत्या. त्या देवींच्या स्थानाला तिथे मुसेयॉन म्हणत. एका मोठ्या बंदरात राजाने असंच एक स्थान बांधलं. तिथे वस्तू बघायला कुणी जात नसे. तिथे विद्वान राहत, वाचत, वाद घालत आणि त्यांना राजाकडून फुकट जेवण मिळे. पुढे तो शब्द देशोदेशी गेला. कुठे म्युझियम झाला, कुठे म्युझे, कुठे मुझेओ. शब्द सगळ्यांनी घेतला. देवींना मात्र कुणी सोबत नेलं नाही.

बाबलने चिमटा वर केला. “मग या नावात वस्तू लागत नाहीत ना? माझा शंख परत मिळेल?”

रोहितताई म्हणाल्या, मिळायला हवा. पण समिती जेवणाच्या मुद्द्यावर थांबली होती. जेवणाचा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. देवींचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं.

मग उत्तरेकडून आलेला चंडोल बोलला. तिकडे अशा घराला अजायबघर म्हणतात. ज्याला बघून तोंडात बोट जाईल तेच आत ठेवायचं. बाबल लगेच म्हणाला की त्याचा शंख तसा साधाच आहे, त्यात नवल काही नाही, शंख नसलेला खेकडा हे खरं नवल. हे बोलायला नको होतं. समितीतले सगळे जण वळून त्याच्याकडे बघू लागले. धनेशरावांनी त्याची लांबीरुंदीही विचारली. बाबल करवंटीत जमेल तेवढा आत सरकला.

पूर्वेच्या खाड्यांवरून आलेल्या बगळ्याने जादूघर सुचवलं. बंगालात तसंच म्हणतात. बाबल म्हणाला की शंख गायब होऊन महिना झाला, तेव्हा जादू अर्धी झालेली आहे, उरलेली अर्धी तेवढी करा. यावर कुणी हसलं नाही. दक्षिणेकडच्या नीळकंठाने अरुंगाट्चियगम सांगितलं, दुर्मीळ दृश्यांचं घर. शब्द फार सुंदर होता. समितीने दोन दिवस तो म्हणून पाहिला आणि मग सगळ्यांचा घसा बसला.

शेवटी घोरपड बोलली. ती शुद्ध मराठीची कैवारी होती आणि एकदा धरलं की सोडत नसे. तिचं नाव होतं वस्तुसंग्रहालय. गोळा करायचं आणि ठेवायचं. सांबर दबकतच म्हणालं की त्याचा एक मावसभाऊ शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पाहुणा म्हणून गेला होता, तो अजून आलेला नाही. घोरपड म्हणाली, “इथे वस्तूंचा प्रश्न आहे. आलेलं परत द्यायचं तर त्याला संग्रह कोण म्हणेल?”

इथे सिंह दुसऱ्यांदा येतो. त्याने विचारलं की शेजारच्या राजाच्या घराचं नाव काय आहे. म्युझियम, असं कळलं. “मग ते सोडून काहीही ठेवा,” असं म्हणून सिंह गेला. गेला, मुलांनो. आता येणार नाही.

वस्तुसंग्रहालय ठरलं. बाबलचे सगळे पाय गळाले, आणि त्याला पाय बरेच असतात.

आता राहिलं बारसं. नाव ठेवायला आत्या लागते. घर राजाचं, म्हणून राजाची बहीण द्वारकाआत्या आली. म्हातारी पण सिंहीण ती सिंहीणच. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आत्याने वारुळाच्या एका भोकाशी तोंड नेलं, नाव सांगितलं आणि कुर्र केलं. आता रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. त्याशिवाय बारसं पुरं होत नाही.

कुणीही पुढे झालं नाही.

सांबरीण म्हणाली, तिचा हात दुखतो. लांडोर म्हणाली, तिला हातच नाही. घोरपडीला अचानक घरी दूध उतू गेल्याचं आठवलं. द्वारकाआत्या पाठ वाकवून उभी राहिली, दुपार झाली, संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येऊन तशीच उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी घारीची सावली करवंटीवरून गेली आणि परत आली. बाबल विचार करू लागला. धपाटा पडला तर नाव पक्कं होईल, आणि शंख कधीच बाहेर येणार नाही. पडला नाही तर दारच उघडणार नाही. त्याने धनेशरावांना विचारलं, “दार उघडल्यावर आत कुणीही जाऊ शकतं?”

“अरे, त्यासाठीच तर उघडायचं,” धनेशराव म्हणाले.

बाबल करवंटीतून बाहेर आला. उघड्या अंगाने सगळ्यांसमोरून तिरका तिरका चालत गेला, सिंहिणीच्या शेपटीवरून चढला आणि डोळे मिटून त्याने आपला मोठा चिमटा तिच्या पाठीत हाणला. डोळे मिटायला त्याला ते आत ओढून घ्यावे लागतात. मीही इथे मिटले होते.



“जरा वर,” द्वारकाआत्या म्हणाली. “हां. आता डावीकडे.” मग थोड्या वेळाने ती बारीक आवाजात म्हणाली, “चौदा भाच्यांची नावं ठेवली रे मी. एकीनेही धपाटा घातला नाही मेलीने. आज कुठे आत्या झाल्यासारखं वाटलं.”

बाबलने आणखी चार घातले. ती मागतच होती.

दार उघडलं. घारीने झेप घेतली तेव्हा बाबल उंबऱ्याच्या आत पोचला होता. फळीवर शंख होता. बाबल पाठीकडून त्यात शिरला आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याने मोकळा श्वास घेतला.

थोड्या वेळाने शंख स्वतःहून खिडकीकडे निघालेला धनेशरावांना दिसला. त्यांनी बाबलला फार समजावलं. पाटीवर ‘रिकामा शंख’ असं लिहिलं होतं आणि पाटी कोरायला सुतारपक्ष्याला नऊ दिवस लागले होते. पाटी बदलणं शक्य नव्हतं. वस्तू बाहेर देणंही शक्य नव्हतं, नावच तसं होतं. शेवटी असं ठरलं, की बघणारे असतील तोवर बाबलने रिकामं असावं. जेवण समितीबरोबर. तो ठराव आधीच मंजूर होता.

दुसऱ्या दिवशी घार रांगेत उभी राहून आत आली. शंखासमोर बराच वेळ थांबली. तिने दोनदा पाटी वाचली. खाली लिहिलं होतं, ‘हात लावू नये’. तिने ‘हं हं’ केलं आणि पुढे सांबराचं शिंग बघायला गेली.

त्या आठवड्यात खाडीवरचे झाडून सगळे खेकडे संग्रहालयाच्या दारात आले. प्रत्येक जण आपापल्या शंखात बसून होता आणि प्रत्येकाला तो शंख दान द्यायचा होता. धनेशरावांनी राजाला कळवलं, की प्रजेत वारशाबद्दल जागृती झाली आहे.

तात्पर्य : मुलांनो, आपलं घर कुणी मागितलं तर नाही म्हणू नये, तसं बरं दिसत नाही. घर खुशाल द्यावं. फक्त देताना आपण आत असावं.