थेंबभर रक्त मागणाऱ्या शशीताई

आमच्या सोसायटीतल्या शशीताई कर्णिक समोर आल्या की काही बोलायच्या आधी माणसाची खालची पापणी ओढून बघत. डोळा पांढरास्वच्छ दिसला की त्यांचा चेहरा किंचित पडे. "ठीक आहे," म्हणत, "पण थेंब द्याल का?" थेंब म्हणजे रक्ताचा.

त्या कोलशेतच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या. डोंबिवलीत एकट्याच राहत. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. तेव्हा आमच्याकडे गॅसचा नंबर लागला तरी माणसं पेढे वाटायची, आणि शशीताई स्वयंपाकघरात विषाणू पकडायचं यंत्र बनवत होत्या. हिपॅटायटिस बी, थोडक्यात एचबी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिच्या विषाणूचं एक प्रथिन रक्तात सापडतं. त्याला धरून ठेवणारा लेप शशीताई पेन्सिलीच्या शिशाच्या टोकाला लावत, ते टोक रक्ताच्या थेंबात बुडवत आणि बारीकशी वीज सोडत. प्रथिन चिकटलं तर वीज कमी वाहणार आणि मीटरचा काटा खाली येणार. पेन्सिल एचबी होती. "एचबी शोधायला एचबी," हा त्यांचा एकमेव विनोद. तो मी तीसेक वेळा तरी ऐकला असेल.

लेपाची बाटली फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. एकदा कुणा पाहुणीने ती इसेन्स समजून शिऱ्यात ओतली. शशीताई चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "गॅस बंद करायच्या आधी घातलीत की नंतर?"

काटा रक्तापेक्षा वरच्या परांजप्यांच्या मिक्सरला जास्त मानायचा. म्हणून रविवारी सकाळी आठ ते नऊ मिक्सर बंद, असा ठराव त्यांनी सोसायटीत मांडला आणि मंजूरही करून घेतला. त्या तासात आम्ही आळीपाळीने बोट पुढे करायचो. सुई दर वेळी नवी. कुणाच्याच रक्तात काही निघायचं नाही. कंपनीतला नमुना बाहेर आणायची परवानगी नव्हती, आणि खात्रीचं बाधित रक्त मिळाल्याशिवाय यंत्र खरं की खोटं ते कळणार नव्हतं. आपण निरोगी आहोत याचं आम्हाला ओशाळल्यासारखं होई.

मग माझा धाकटा भाऊ विलास रक्तदान शिबिरात रक्त देऊन आला. पंधरा दिवसांनी रक्तपेढीचं पत्र आलं. हिपॅटायटिस बी. त्याला त्रास काहीच नव्हता, लग्न मात्र ठरलेलं होतं. आईने त्याचं ताट-भांडं वेगळं काढलं. मी ते बघितलं आणि गप्प राहिलो. विलास खिडकीशी बसून एकटा जेवू लागला.

बातमी सोसायटीभर झाली. रविवारी शशीताई दारात दिसल्या तेव्हा मला वाटलं, यंत्र घेऊन आलेल्या असणार. हात रिकामे होते. विलासनेच बोट पुढे केलं. म्हणाला, "घ्या ताई. तुमचा काटा तरी हलू दे."

"नको रे. आज मी जेवायला आलेय."

त्या त्याच्याशेजारी बसल्या, त्याच्या ताटातली पोळी मोडली आणि त्याच्याच भांड्यातलं पाणी प्यायल्या. आई बघत उभी होती. हा आजार ताटातून लागत नाही, रक्तातून लागतो, नवऱ्याचा बायकोला लागू शकतो, पण तिला लस देता येते, असं त्यांनी तिला सावकाश समजावलं. पुढे विलासशी ठरलेल्या मुलीच्या घरीही त्याच गेल्या. लसीच्या तिन्ही वेळी तिला दवाखान्यात त्यांनीच नेलं. लग्न सहा महिने लांबलं, पण झालं. यंत्र काही कधी धड चाललं नाही.

त्या रविवारी मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेलेलो. इतकी वर्षं ज्या रक्ताची वाट बघितलीत, ते समोर असून का घेतलं नाहीत, असं विचारलं. त्या दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"माझा भाऊ होता कल्याणला. कावीळ मुरली त्याची. चार महिने असाच एकटा जेवला, मग गेला." पुढे म्हणाल्या, "ताट मीच वेगळं केलं होतं. एम.एस्सी. झाले होते तेव्हा मी."

त्यांनी कठड्यावर हात ठेवला, आईच्या पोळ्या छान मऊ झाल्या होत्या असं तिला सांगायला सांगितलं, आणि उतरून गेल्या.