चूक कळवा, खोव्याची जलेबी मिळवा

युरोपचे विमान-दुरुस्तीचे नवे नियम मला पाठ आहेत. तुम्ही कलम विचारा, मी उपकलमासकट सांगते! भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी जबलपूरच्या ज्या वर्कशॉपमध्ये लागले, तिथे विमानातली कॉफी मशीन दुरुस्त होतात. हसू नका! तीस हजार फुटांवर उकळतं पाणी मांडीवर सांडलं की कोणी हसत नाही. आणि युरोपच्या मशीनला हात लावायला युरोपचा परवाना लागतो.

त्या परवान्याचं नूतनीकरण शुक्रवारी होतं. ते झालं नाही तर कामच बंद, म्हणजे आम्ही सगळे घरी!

"स्वानंदी, या वेळी नवीन काय मागून राहिले ते लोक?" आमचे मालक शरच्चंद्र साहेब सोमवारी म्हणाले.

"सर, आधी ते मशीन आणि कागद तपासायचे. आता माणसांच्या सवयीही तपासणार. आपली चूक आपणच कळवायची आणि कळवणाऱ्याला शिक्षा करायची नाही."

"शिक्षा नाही, तरी कळवणार कोण?"

"सगळे! माझ्यावर सोडा. शुक्रवारपर्यंत वीस चुका आणून दाखवते!"

मी भिंतीवर पेटी लावली, शेजारी कोरे फॉर्म. संध्याकाळी पेटीत एकच कागद निघाला. 'आदरणीय नीलकंठ काकांच्या कामात काहीही चूक नाही. सादर नमस्कार.' नाव नव्हतं, पण अक्षर आमच्या ज्युनिअर सुमेधचं होतं. कोंबडीने शाईत पाय बुडवून कवायत केल्यासारखं!

"सुमेध, ही चूक आहे?"

"दीदी, काका माझ्या बाबांचे दोस्त. इथे नोकरीही त्यांनीच लावून दिली. त्यांच्याविरुद्ध काहून लिहू?"

"त्यांच्याविरुद्ध नाही रे, स्वतःची चूक लिही!"

"अच्छा! म्हणजे काकांना कळेल की मी चुकतो?"

नीलकंठ काका म्हणजे आमचे मुख्य कारागीर. संरक्षण कारखान्यात एकतीस वर्षं काढून आलेले. त्यांच्या नजरेतून उतरणं आमच्याकडे शिक्षेपेक्षा वाईट.

पण मी विज्ञानाची पदवीधर! क्रिया होत नसेल तर उत्प्रेरक घालायचा. मी जाहीर केलं, रोजच्या सर्वोत्तम चुकीला बडा फुहारा चौकातली अर्धा किलो खोव्याची जलेबी!

मंगळवारी अकरा फॉर्म आले. बुधवारी एकोणीस! मी आलेख काढून भिंतीवर चिकटवला. रेषा विमानासारखी वर चाललेली. साहेब खूश, मी त्यांच्याहून खूश.

गुरुवारी स्टोअरमध्ये गेले तर स्टोअर सांभाळणाऱ्या मनीषाताई इकडेतिकडे बघत एका धडधाकट मशीनला 'नादुरुस्त'चं लाल लेबल लावत होत्या.

"ताई! हे काय करून राहिल्या?"

"चूक," त्या शांतपणे म्हणाल्या. "काल सुमेध जलेबी घेऊन गेला. आज माझ्या घरी पाहुणे आहेत."

मी धावत सुमेधकडे गेले. तो मशीन तपासायचा थर्मामीटर मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून येत होता! तिसऱ्या टेबलापाशी नीलकंठ काका पेन धरून कोऱ्या फॉर्मसमोर बसलेले.

"बेटा, एकतीस वर्षांत झाली नाही, आता या वयात चूक आणू कुठून?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सकाळी एक स्क्रू मुद्दाम सैल केला. पाच मिनिटं जीव खाली-वर. शेवटी घट्ट करून टाकला."

फॉर्मवर त्यांनी तेच लिहिलं. 'प्रयत्न केला. जमली नाही.'

मग दिवसभर आम्ही या मुद्दाम केलेल्या चुका शोधून निस्तरत होतो. काकांनी एकूण एक मशीन पुन्हा उघडून तपासली.

शुक्रवारी पडद्यावर युरोपच्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी आम्ही पाठवलेले फॉर्म चाळले. एकदा. दोनदा.

"चार दिवसांत सत्तेचाळीस? तुमच्याकडे मशीन दुरुस्त होतात की बिघडवतात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आलेखाकडे.

"आणि मिस्टर नीलकंठ, तुम्ही चूक करण्याचा प्रयत्न का केला?"

काका चष्मा पुसू लागले. एकवेळ स्वतःवर घेतील, पण माझं नाव सांगणार नाहीत, हे मला दिसत होतं. परवाना गेला तर काकांना या वयात दुसरं काम कोण देणार?

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी चुकीला बक्षीस ठेवलं. म्हणून सगळ्यांनी चुका तयार केल्या. मशीन कालच पुन्हा तपासून घेतली."

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. साहेबांनी दोन ग्लास पाणी पिऊन टाकलं.

"परवाना देते," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस फॉर्म आणि हा तुमचा अठ्ठेचाळिसावा कबुलीजबाब. त्यांत खरा अहवाल हा एकच. फक्त तो लेखी द्या. आणि देणाऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण द्या!"

पडदा बंद झाला. साहेब खुर्चीवरून उठले.

"सर, नियमाप्रमाणे मला शिक्षा करता येत नाही!" मी घाईघाईने कलम सांगितलं. उपकलमासकट.

"शिक्षा कोण करून राहिलं? प्रशिक्षण आहे. सोमवारपासून तू काकांच्या हाताखाली."

तर सध्या मी पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, धरायला शिकते आहे. काका फार प्रेमाने शिकवतात. एमएस्सी आहे हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही, बेटा. जमेल हळूहळू."