लय पळालेली गाडी

जुनी गाडी कशी घ्यावी, यावर मानवतच्या बन्सीधररावांइतकं ठाम मत अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. ते बी. ए. होते, सरकीचा व्यापार करत आणि आजवर त्यांनी एकही गाडी घेतलेली नव्हती. म्हणजे ठाम मत असायला जे जे लागतं, ते सगळं त्यांच्यापाशी होतं!

"नवी गाडी म्हंजे गोऱ्हा," ते बायकोला, नर्मदाबाईंना, समजावून सांगत. "मानेवर जू पडलं की काय करल, सांगता येत न्हाई. जुनी गाडी म्हंजे मुरलेला बैल. जितकी जास्त पळालेली, तितकी भरवशाची. एवढं पळून जी मेली न्हाई, ती आता कशाला मरतीय?"

"माणसाला बी हाच नेम लावायलाव का?" नर्मदाबाईंनी विचारलं. बन्सीधररावांनी ते ऐकलं नाही. शिकलेल्या माणसाला काय ऐकू नये, हे बरोबर कळतं.

गाडीची गरज मात्र खरी होती. ही गोष्ट एकोणऐंशी सालची. लेक केशर लग्नाची झाली होती आणि उशिरापायी दोन स्थळं हातची गेली होती. पहिल्या वेळी धोतराच्या निऱ्या जमेपर्यंत यांची बस गेली. दुसऱ्या वेळी बस गाठली, पण फाट्यावर उतरून तीन कोस चालत पोचले, तोवर दुसऱ्याच एका मुलीचा बाप तिथं सुपारी फोडून, जेवून, ओसरीवर घोरत होता!

आता तिसरं स्थळ होतं पालमकडच्या आबासाहेबांचं. मुलगा व्यंकटी, शेतकीचा पदवीधर. बापलेक मानवतला येऊन केशरला पसंत करून गेले होते. आता यांनी जाऊन घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. हेही स्थळ गेलं, तर केशरला तोंड कसं दाखवायचं? बन्सीधररावांनी शपथ घेतली : या वेळी वेळेवर जायचं, आणि तेही आपल्या गाडीतून!

परभणीत माणिकरावांच्या गॅरेजात एक जीप उभी होती. सरकारी लिलावात घेतलेली, वरून ताजा पोपटी रंग. बन्सीधररावांनी काटा बघितला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर! त्यांचा ऊर भरून आला.

"कोणत्या खात्याची हो?"

"खातं घेऊन काय करता साहेब? खात्यानं का गाडी चालतीय?" माणिकरावांनी हात पुसत सांगितलं. "एवढं ऐका. जिल्ह्यात असं एक गाव न्हाई जिथं ही गेली न्हाई. लय पळाली! आन आजबी ही नुसती दिसली ना, गावच्या गाव पळतंय!"

गाव बघायला पळत येतं, असा अर्थ बन्सीधररावांनी लावला. व्याकरणात तो बसत होता.

"आन दारावर रंगाखाली हे तिकोनी काय दिसायलंय?"

"शुभ असतंय ते."

बन्सीधररावांनी जीप घेतली, महिनाभर हाकायला शिकले आणि दिवाळीनंतरच्या एका सोमवारी नवरा-बायको निघाले. खरं तर घर बघायला पुरुषांनी जायची रीत. पण घरची गाडी असताना आपण का मागं राहायचं, असं म्हणून नर्मदाबाई नारळ मांडीवर घेऊन आधीच पुढं बसल्या होत्या. गाडी एका झटक्यात सुरू झाली. भोंगा तर असा, की दावणीला कुणी रेडकाची शेपटी पिळतंय असं वाटावं! बन्सीधररावांना तो इतका आवडला, की रिकाम्या रस्त्यावरही ते वाजवत सुटले.

गंगाखेड ओलांडलं आणि पहिलं गाव लागलं. भोंगा वाजला मात्र, पारावरची माणसं उठली. नुसती उठली नाहीत, उधळली! न्हाव्यापुढं बसलेला एक जण अर्ध्या गालाला साबण घेऊन तुरीत शिरला. वस्तरा हातात घेऊन न्हावीही त्याच्या मागं.

"बघितलं? कशी वाट मोकळी करून द्यायलेत! ह्याला म्हणतात मान."

"आवं, मान देणारा माणूस पुढं येतोय का नाल्यात उडी घेतोय?"

"खेड्यातली माणसं. लाजाळू असतेत."

एक म्हातारा तेवढा पळाला नाही. तो हात वर करून आडवा आला आणि मुंडाशातून घडी घातलेला कागद काढून दाखवू लागला. "रामराम साहेब. मी सटवाजी. माझं झालंय. ह्यो कागुद."

जमिनीच्या मोजणीचा असावा, असं समजून बन्सीधरराव म्हणाले, "छान! जपून ठेवा."

"जिवापाड जपायलोय, साहेब!"

आबासाहेबांच्या गावाच्या वेशीत बन्सीधररावांनी मुद्दाम तीन वेळा लांबलचक भोंगा दिला. पाव्हणे आल्याचं कळायला नको? वाड्यापुढं गाडी थांबली. बैठकीत गाद्या अंथरलेल्या, कपांतल्या चहाला वाफा, उंबऱ्याबाहेर जोड्यांची ओळ. माणूस मात्र एकही नाही! एवढ्यात दारात एक बाई मुसळ घेऊन उभ्या राहिल्या. या व्यंकटीच्या आई, चतुराबाई. त्यांनी व्याह्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"घरात गडीमाणूस न्हाई!" त्या ओरडल्या. "समदे ऊसतोडीला गेलेत!"

"जोडे ठेवून?" बन्सीधररावांनी हसून विचारलं. "असू द्या. आमाला फक्त व्यंकटराव पायजेत."

"नाव बी लिवून आणलंय का मेल्यांनी! आवं साहेब, त्याला तरी सोडा! माझ्या लेकराचं आजून लगीन बी झालं न्हाई!"

"लगीन न्हाई झालं म्हणूनच तर आलोय आमी!"

"आगं बया! आता बिनलग्नाच्यायला बी न्यायलेत!"

आत बायकांनी गलका केला. बन्सीधरराव गोड आवाजात समजूत घालू लागले, तिथंच घात झाला. "घाबरू नका. दहा मिनिटांचं काम हाय. सगळं आजच उरकून टाकू, म्हंजे तुमीबी मोकळे, आमीबी मोकळे."

मुसळ वर गेलं!

ते खाली आलं नाही, ते नर्मदाबाईंमुळं. कपाळभर कुंकू आणि हातात नारळ घेऊन त्या गाडीतून उतरल्या. "इहीनबाई, मुसळ खाली ठेवा. मी केशरची माय. मानवतहून आलोय."

चतुराबाईंनी नारळ बघितला, पाव्हण्यांकडं बघितलं, मग गाडीच्या दारापाशी जाऊन नखानं पोपटी रंग खरवडला. आतून लालभडक त्रिकोण निघाला.

"मंग ही नसबंदीची गाडी कामून आणली, इवाईबुवा? आणीबाणीत हीच यायची. भोंगा ऐकला की गडी रानात. जे सापडले ते दवाखान्यात!"

बन्सीधररावांना गाव पळण्याचा दुसरा अर्थ तेव्हा कळला. तोही व्याकरणात बसत होता.

चतुराबाईंनी माळवदावर चढून हाका मारल्या. "या रे! आपलेच पाव्हणे हायेत!" तुरीतून आबासाहेबांचा आवाज आला, "मागल्या बारीला बी असंच म्हणले होते!" कुणी हललं नाही.

मग काय! दोघी विहिणींनी बैठकीत मांडी घालून तो चहा घेतला, घर बघितलं, तिथी धरली आणि सुपारी फोडली. बन्सीधरराव बाजूला जोड्यांच्या ओळीशी बसून होते. एवढ्यात अंगणातल्या कडब्याच्या गंजीतून शिंक आली.

"तेच का पोरगं?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"तेच."

"चपळ हाय हो!"

"गाडी वेशीबाहेर न्या," गंजी म्हणाली. "मंग पाया पडतो!"

आबासाहेबांनी तुरीतूनच सगळं मान्य केलं. अट एकच घातली : लग्नात ही जीप दिसता कामा नये.

परतीच्या वाटेवर सकाळचं ते गाव लागलं. तिथं बन्सीधररावांना राहवलं नाही. आपण कोण आहोत, हे लोकांना सांगितलंच पाहिजे! त्यांनी पारापुढं गाडी बंद केली, उतरले आणि भाषणाला उभे राहिले. पार रिकामा होता. अर्ध्या गालाचा गृहस्थ पुन्हा तुरीत जाताना तेवढा दिसला. भाषण न करताच ते परत गाडीत बसले. चावी फिरवली. खर्र! दिवसभर भोंगा वाजवून बॅटरी संपली होती.

"मुरलेला बैल बसला वाटतं," नर्मदाबाई म्हणाल्या.

स्टीअरिंगचं चाक त्यांच्या हातात देऊन बन्सीधरराव मागं गेले आणि धोतर खोचून एकटेच ढकलू लागले. हाक मारावी तर गावात पुरुष नाही! तेवढ्यात शेजारी दोन काटकुळे हात जीपला लागले. सटवाजी!

"तुमी न्हाई पळालात?"

"मी कशाला भ्यावं? माझं झालंय न्हाई का!"

दोघांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली. मग सटवाजीनं जवळ सरकून, घरच्या माणसागत हळूच विचारलं, "साहेब, तुमचं झालंय का?"

पुढं बसलेल्या नर्मदाबाई इतक्या हसल्या, की चाक हातचं सुटून गाडी नाल्याकडं वळली. बन्सीधररावांनी बी. ए.च्या पदवीसकट मान खाली घातली आणि म्हणाले, "ढकला हो सटवाजीबाबा, ढकला!"