नमुन्याचा डबा

बुधवारी साहेब ऑफिसातून घरी आले, तेव्हा सासूबाई एका नव्याकोऱ्या डब्यात सुया, दोरे आणि बटणं लावून ठेवत होत्या.

“हा डबा कुठला?”

“तुमचा तो खोकेवाला बिस्किटं देऊन गेला. मला आजी म्हणाला. गुणी माणूस.”

“आणि बिस्किटं?”

“बिस्किटांचं काय करतात, जावईबापू?”

कंपनीसाठी पुठ्ठ्याची खोकी खरेदी करणाऱ्या साहेबांना ऑफिसात ‘सरळपट्टी’ म्हणत. पुरवठादाराच्या पेनाने ते सहीसुद्धा करत नसत. म्हणून तर नव्या सचोटी समितीचं प्रमुखपद सोमवारपासून त्यांना मिळायचं होतं. त्याआधी एका कागदावर सही तेवढी हवी होती : ‘मी पुरवठादाराकडून काहीही घेतलेले नाही.’

“आई, डबा परत करावा लागेल गं,” बायको म्हणाली.

“डबा मिळणार नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या सुया एका जागी आल्यात.”

शेवटी साहेबांनी पदरमोड करून तसाच बिस्किटांचा डबा विकत घ्यायचं ठरवलं. दुकानात लहान डबे संपले होते, म्हणून दुप्पट मोठा घेतला आणि खोकेवाल्याकडे धाडला. सोबत चिठ्ठी : ‘आपली वस्तू परत. पुन्हा असे होऊ नये.’

आता खोक्यांच्या धंद्यात एक रीत असते. माप चुकलं की गिऱ्हाईक भांडत बसत नाही, बरोबर मापाचा नमुना पाठवून देतं. खोकेवाल्याने टेप लावून डबा मोजला आणि कपाळाला हात लावला.

“आपण लहान पाठवला म्हणून रागावलेत,” तो कारकुनाला म्हणाला. “माणूस खानदानी आहे. तोंडानं मागत नाही.”

शुक्रवारी घरी मिक्सर आला. साहेबांनी तो खोलू दिला नाही. स्वतः उचलून नेला आणि खोकेवाल्याच्या टेबलावर ठेवला.

“तुम्ही मला ओळखलंच नाहीत.”

“चुकलं साहेब. उद्या दुरुस्त करतो.”

शनिवारी दोन हमालांनी तीन जिने चढून कपडे धुण्याचं मशीन दारात ठेवलं आणि ते निघून गेले. दार अर्धंच उघडत होतं. साहेब आडवे होऊन आत-बाहेर करू लागले.

“आलंच आहे तर चार चादरी काढू का?” बायकोने हळूच विचारलं.

“हात लावू नकोस.”

रविवारी साहेबांनी पदरच्या पैशाने चार हमाल लावून मशीन परत पाठवलं. ते पाहून खोकेवाल्याचा धीर सुटला. ह्याच्यापुढे मोटारच होती, आणि त्याची स्वतःची अजून जुनीच होती.

सोमवारी साहेब समितीच्या खुर्चीत बसले. सही अजून राहिली होती. टेबलावर पहिलीच तक्रार होती, खोकेवाल्याची : ‘आपले खरेदी अधिकारी भेट लहान वाटली की मोठ्या मापाचा नमुना पाठवतात. मशीनही नाकारले. ह्यांची भूक कुठे थांबते, एवढे तरी कळवावे.’ वर मोठ्या साहेबांचा शेरा : ‘समितीप्रमुखांनी कडक चौकशी करावी.’

साहेबांनी स्वतःला नोटीस काढली, स्वतःच घेतली आणि पोच दिली. मोठ्या साहेबांना बोलावलं, खोकेवाल्याला बोलावलं. साक्षीदार एकच. सासूबाई डबा काखेत मारून आल्या आणि सगळं सांगून टाकलं, बिस्किटं जरा मऊ होती हेही. खोकेवाल्याने कान पकडले.

“म्हणजे तुम्ही काहीच घेतलं नाहीत,” मोठे साहेब म्हणाले. “करा त्या कागदावर सही.”

“घेतलंय. एक डबा.” साहेब उठून उभे राहिले. “तो जप्त करावा लागेल. मग माझं पद जाईना का.”

“करा की जप्त,” सासूबाई म्हणाल्या. “आधी ती बाही इकडे करा. बटण लोंबतंय.”

सचोटी समितीच्या प्रमुखांनी निमूट हात पुढे केला. बटण लागल्यावर त्यांनी कागद ओढला आणि ‘काहीही घेतलेले नाही’ ह्याच्या पुढे लिहिलं : ‘अपवाद : बिस्किटे एक डबा. तसेच बटणाचे चार टाके, त्याच डब्यातून, चौकशी चालू असताना.’

मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, खाली ‘पदावर कायम’ असं लिहिलं आणि सासूबाईंसमोर आपल्या कोटाची बाही धरली.