सर्वानुमते प्लेऑफ

ज्याला खेळातलं काही कळत नाही त्याने खेळाचं भविष्य सांगू नये, असा एक गैरसमज समाजात रूढ आहे. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ऑफिसने तो २००७ च्या ऑगस्टमध्ये कायमचा निकालात काढला.

झालं असं, की आमच्या अमेरिकन क्लायंटकडचे डगसाहेब हे अमेरिकन फुटबॉलचे परमभक्त. या खेळाला फुटबॉल म्हणत असले तरी चेंडू लांबट असतो आणि तो बगलेत मारून पळायचं असतं. सप्टेंबरपासून बत्तीस संघ एकमेकांना आडवे पाडतात आणि वर्ष संपता संपता त्यातले बारा बाद फेरीत जातात. तिला प्लेऑफ म्हणायचं. डगसाहेबांच्या गावचा संघ या बारांत कित्येक वर्षांत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. तरी साहेबांनी ईमेलच्या शेवटी सहज विचारलं, “हंगाम सुरू होतोय. तुमच्याकडची मंडळी काय म्हणतात? कोण जाईल प्लेऑफला?”

दुसरा कोणी ‘गुड लक’ लिहून मोकळा झाला असता. पण आमचे डिलिव्हरी मॅनेजर रघुवीर चांदोरकर यांच्या लेखी क्लायंटने शिंक दिली तरी ती रिक्वायरमेंट. त्यांनी फर्मान काढलं. प्रोजेक्टवरच्या तेवीसही जणांनी हंगामाआधी बारा संघांचा अंदाज द्यायचा. त्याला अप्रेझलमध्ये वीस टक्के वजन. आणि कोणाचं वर्क परमिट वाढवायचं, कोणाला हिंजवडीला परत धाडायचं, हे अर्थातच अप्रेझलवर ठरणार.

“पण सर, आपल्याला हा खेळच माहीत नाही,” मीटिंगमध्ये मागून कोणीतरी कुरकुरलं.

“इन्शुरन्स तरी कुठे माहीत होता?” रघुवीर म्हणाले. “चार वर्षं क्लेम्सची सिस्टीम चालवतोय ना आपण?”

या उपक्रमाचा समन्वयक म्हणून सीनियर कन्सल्टंट परीक्षित यांची, म्हणजे माझी, नेमणूक झाली. काम मी मनापासून केलं. नाहीतर हल्ली लोक मनापासून काय करतात, सांगा!

हंगामाआधी ऑगस्टमध्ये सरावाचे सामने होतात. त्यांत डगसाहेबांचा संघ चारही सामने जिंकला. रघुवीरांनी प्रोजेक्टरवर उंचच उंच हिरवा खांब दाखवला. “उपलब्ध माहितीनुसार या संघाच्या यशाचं प्रमाण शंभर टक्के आहे. हा आपल्या यादीत पहिला.”

“काहीतरीच काय, सर!” अक्षया म्हणाली.

ही आमची टेस्टर. मूळची नागपूरची. नवरा पुण्यात नोकरीला, आणि ही दहा वर्षांच्या दियाला घेऊन इथे. बाई कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही. टेस्टिंगमध्ये हा गुण समजला जातो आणि मीटिंगमध्ये दोष, एवढं साधं तिला आठ वर्षांच्या नोकरीत उमगलं नव्हतं.

“अहो, त्या मॅचमध्ये दोन्हीकडचे मोठे प्लेयर बाकावर बसून राहिले होते. नवीन पोरांना खेळवून पाहून राहिले होते ते.”

“तुला कसं माहीत?”

“मी मॅच पाहिली ना!”

“पाहायला कोणी सांगितलं होतं?” रघुवीर गंभीर झाले. “आपल्याला अंदाज द्यायचाय, अक्षया. मॅच बघितली की मन कलुषित होतं.”

तरीही ती ऐकेना. बाकीचे अकरा संघ तिने आमचेच जसेच्या तसे उतरवले, पण साहेबांचा संघ गाळला. मी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं. “कशाला विषाची परीक्षा घेतेस? तुझं परमिट मार्चमध्ये संपतंय. दियाची इलेव्हन-प्लसची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली आहे.”

“म्हणूनच तर झोप उडालीये माझी,” ती म्हणाली. “पोरगी वर्षभर घासून राहिली. तिला ग्रामर स्कूल मिळालं आणि आपल्याला परत जावं लागलं तर, याच भीतीत आहे मी. पण परीक्षित, जो संघ आठ वर्षं आला नाही, तो येणार असं कसं लिहू रे? त्यांनी विचारलंय ना आपल्याला काय वाटतं ते?”

विचारलंय म्हणजे उत्तर हवंय, असं समजणारी माणसं अजून आहेत. मी कपाळाला हात लावला.

एकाच कंपनीचे दोन अंदाज क्लायंटकडे जाणं हा क्वालिटीच्या दृष्टीने दोष. त्यामुळे एकमत-बैठका झाल्या. तीन तासांच्या तिसऱ्या बैठकीनंतरही अक्षया ‘नाही’वरच अडून बसली, तेव्हा बावीस जणांचा अंदाज ‘सर्वानुमते’ म्हणून गेला. खाली तळटीप टाकली: एका सदस्येचं प्रशिक्षण चालू आहे.

हंगाम सुरू झाला. साहेबांचा संघ पहिला सामना हरला. सगळं सुरळीत असलं की आमच्या रिपोर्टमध्ये हिरवा रंग देतात. आम्ही कळवलं, “अंदाज हिरवा. विजय पुढे ढकलला आहे.” दुसरा हरला, तिसरा हरला. रिपोर्टमध्ये ‘पिवळ्याकडे झुकणारा हिरवा’ अशी नवी छटा घालावी लागली. ऑक्टोबरअखेर वेम्बलीला त्यांच्या लीगचा खराखुरा सामना झाला. रघुवीर आम्हाला व्हॅनमधून घेऊन गेले. बावीस जण पावसात कुडकुडत, नेमकं कशाला ओरडायचं ते न कळता ओरडले. मैदानावर साहेबांचा संघ नव्हताच, पण उपस्थिती लागली. अक्षया आली नाही, ती दियाचा अभ्यास घेत होती. तेही माझ्या नोंदीत आलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असा दिवस उजाडला, की साहेबांचा संघ उरलेले सगळे सामने जिंकला असता तरी प्लेऑफला जाऊ शकत नव्हता. मी भीतभीत रघुवीरांना सांगितलं. ते शांत होते. “गणिती अडचण आहे ती. आपली भूमिका ठाम आहे.”

नाताळाआधी व्हिडिओ कॉन्फरन्स झाली. डगसाहेब पडद्यावर आले, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. “आमच्या गावात कुत्रंसुद्धा आमच्या संघावर विश्वास ठेवत नाही,” ते म्हणाले. “साता समुद्रापलीकडे तुम्ही बावीस जणांनी ठेवला!” त्यांनी बावीस जणांसाठी संघाच्या बावीस टोप्या पाठवल्या. प्रोजेक्ट दोन वर्षांनी वाढला. आणि जाता जाता त्यांनी विचारलं, “तो तेविसावा कोण?”

एवढं विचारलं म्हटल्यावर चौकशी करणं आलंच. ‘मूळ कारणांचं विश्लेषण’ मी स्वतः केलं. माशाच्या काट्यासारखी आकृती काढली. निष्कर्ष स्वच्छ होता. बावीस जणांनी संघ येणार म्हटलं, एकीने नाही म्हटलं, आणि घडलं एकीच्या म्हणण्याप्रमाणे. म्हणजे निकालाशी ज्या एकमेव व्यक्तीचा संबंध सिद्ध होतो, ती अक्षया. सबब, अपयशाचं मूळ कारण: अक्षया. रघुवीरांनी सही केली. परमिट वाढवण्याची शिफारस झाली नाही.

दियाला ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळाल्याचं कळलं, त्याच आठवड्यात आम्ही केनेट नदीकाठच्या पबमध्ये अक्षयाला निरोप दिला. साहेब फोटो मागणार म्हणून सगळ्यांनी टोप्या घातल्या होत्या. बिनटोपीची तेवढी ती.

दियाने माझी बाही ओढली. “काका, आई खरा बोलली ना? मग पनिशमेंट का आईला?”

“पनिशमेंट नाही बेटा,” मी समजावलं. “याला रोटेशन पॉलिसी म्हणतात.”

अक्षयाने पोरीला जवळ ओढलं. “मला रघुवीर सरांचा राग नाही आला,” ती म्हणाली. “ते तसेच आहेत. पण तू सांग परीक्षित, तुला खरंच वाटत होतं, ते येतील म्हणून?”

“छे! कोणालाच वाटत नव्हतं,” मी म्हणालो. “आम्ही काय वेडे आहोत?”

ती रडली नाही. तिने नुसतं एकेका टोपीकडे पाहिलं, आणि दियाच्या कोटाची बटणं लावायला लागली.

पुढच्या ऑगस्टमध्ये साहेबांनी पुन्हा विचारलं. तिच्या जागी आलेल्या मुलासकट तेवीस जणांचा एकच अंदाज पंधरा मिनिटांत तयार झाला. बैठक घ्यावीच लागली नाही.

हसताय ना? हसा, हसा. तुमच्याही ऑफिसात, सोसायटीत, गेला बाजार मंडळाच्या कमिटीत अशी एखादी ‘काहीतरीच काय!’ म्हणणारी असेलच. म्हणजे, होती. तिचं नाव आठवून बघा. नाही आठवत? साहजिक आहे. आठवण्याइतकी तुम्ही तिला साथ दिली असतीत, तर आज असे पाय पसरून, डोक्यावर टोपी घालून हे वाचत बसला नसतात.