ब्रातिस्लाव्हाला गेलेले बूट

मी आमच्या चेक देशातल्या ब्रनोमध्ये आयुष्यभर ट्राम चालवली. त्यामुळे आमच्या रादकाच्या सासूला भेटायला व्हिएन्नाला जायचं ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "प्रवासाचं सगळं माझ्यावर सोडा! आगगाडी म्हणजे काय? लांबवर जाणारी ट्राम!"

"सासू नाही, होणारी सासू," रादकानं फोनवरून दुरुस्ती केली. "आणि बाबा, तू नीट वागला नाहीस तर होणारही नाही!"

पोरगी तिकडे नर्स आहे. पोल्डी नावाच्या मुलाशी तिचं जमलंय. पोल्डी एकदम गरीब स्वभावाचा, पण त्याची आई, श्रीमती प्रोहास्का, म्हणजे कडक इस्त्री! टेबलावर सुरी वाकडी ठेवली तरी बाईची भुवई वर जाते म्हणे. तिनं आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावलं होतं. म्हणजे परीक्षाच!

"फक्त दोन गोष्टी पाळा," रादका म्हणाली. "आईनं श्निट्झेल आणायचं नाही. आणि बाबा, तू गाडीत सपाता घालायच्या नाहीत."

आता ही काय अट झाली? हद्द ओलांडायची म्हटल्यावर पावात श्निट्झेल, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा तुकडा, घातल्याशिवाय आपल्याकडे कोणी घराबाहेर पडतं का? परदेशात जाऊन उपाशी मरायचं? आणि एवढा वेळ बसायचं, तर माणूस बूट काढून सपाता घालणारच ना!

"पण क्वेता," मी बायकोला म्हणालो, "श्निट्झेल तर व्हिएन्नाचंच! तिथेच ते न्यायचं म्हणजे..."

"खाल्लंय मी त्यांचं. नुसता कागद!" क्वेतानं तेल तापत ठेवलं. "गाडीतच संपवू. रादकाला कशाला कळतंय?"

जागा राखून ठेवायला मी काय नवखा आहे? मी बरोब्बर शेवटचा डबा निवडला. अख्खा रिकामा! विहीणबाईंसाठी घेतलेली काचेची फुलदाणी एका कापडी पिशवीत, श्निट्झेल तसल्याच दुसऱ्या पिशवीत. बूट बाकाखाली सारले, माझ्या चौकड्यांच्या लोकरी सपाता चढवल्या आणि पाय पसरले. "बघ," मी क्वेताला म्हणालो, "याला म्हणतात नियोजन!"

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. "व्हिएन्ना? मग इथे काय करताय? ब्रेत्स्लाव जंक्शनला गाडी तुटते! हे मागचे डबे ब्रातिस्लाव्हाला जातात. पुढे पळा!"

"ब्रेत्स्लाव कधी येईल हो?"

"खिडकीबाहेर बघा."

बघितलं. आलंच होतं!

मग जी तारांबळ उडाली! "फुलदाणी घे!" "घेतली!" "ती दुसरी पिशवी?" "राहू दे रे ते मेलं जेवण! पळ!" फलाटावरून मी असा धावलो की पेन्शनवाल्यांच्या शर्यतीत पहिला आलो असतो. पुढच्या डब्यात चढलो, दार बंद झालं, गाडी हलली. धापा टाकत क्वेतानं पिशवी उघडली आणि तिचा चेहरा पडला.

"व्लास्ता... हे श्निट्झेल आहे."

मी खाली पाहिलं. "क्वेता... या सपाता आहेत."

रादकानं दोनच गोष्टींना बंदी घातली होती. नेमक्या त्याच दोन व्हिएन्नाला निघाल्या होत्या!

व्हिएन्नाच्या फलाटावर रादका हसत पुढे आली, माझ्या पायांकडे बघितलं आणि तिचे डोळेच भरले. "बाबा, मी तुला एवढंच तर सांगितलं होतं रे." रविवार! बुटांची दुकानं बंद. ट्राममध्ये लोक माझ्या सपातांकडे बघत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार: एका ट्रामवाल्याच्या मूर्खपणापायी पोरीचं लग्न मोडणार!

दार उघडलं. श्रीमती प्रोहास्कांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली उतरली आणि सपातांवर थांबली. भुवई वर गेली. मी मोडक्या जर्मनमध्ये माफी मागायला तोंड उघडलं, तोच बाई कडाडल्या.

"पोल्डी! इकडे ये आणि बघ! जो येतो तो बुटांनी माझी लाकडी जमीन तुडवतो. आणि हा माणूस ब्रनोहून स्वतःच्या सपाता घेऊन आलाय! याला म्हणतात संस्कार!"

याच सपातांनी मी आत्ता अर्धं व्हिएन्ना तुडवलंय, हे मी सांगणारच होतो. पण रादकानं मागून कोट इतक्या जोरात ओढला की शिवण उसवली.

"आणि त्या पिशवीतून वास कसला येतोय?" बाईंनी पिशवी हातात घेतली, उभ्याउभ्याच एक घास खाल्ला. "जाड आहे," त्या म्हणाल्या. क्वेतानं ओठ आवळले. मग बाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. "माझी आजी तुमच्याकडच्या झ्नोइमो गावची. ती असंच जाड करायची," असं म्हणून त्या क्वेताला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

निघताना त्यांनी कपाटातून काळेभोर चकचकीत बूट काढले. "माझ्या नवऱ्याचे, योझेफचे. तो गेल्यापासून दर रविवारी पॉलिश करते. घाला. आणि मे महिन्यात लग्नाला येताना हेच घालून या."

रादका माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो, उगाच कशाला खोटं बोलू!

परतीची गाडी वॉर्साला जाणारी होती. कुठेही तुटणार नाही, हे मी तिघांना विचारून घेतलं. आम्हांला फक्त ब्रेत्स्लावला बदलायचं होतं. योझेफसाहेबांचे बूट जरा चावत होते. आणि गाडीत बसल्यावर माणूस काय करतो? मला लागली डुलकी. "ब्रेत्स्लाव!" क्वेता ओरडली. या खेपेला मी अगदी शांतपणे उतरलो. सगळ्या पिशव्या दोनदा मोजल्या. गाडी गेली आणि मग तळपायांना जरा गार लागलं.

तर सध्या माझे बूट ब्रातिस्लाव्हात आहेत आणि व्याह्यांचे वॉर्सात. माझ्या पायांपेक्षा माझ्या बुटांनीच जास्त जग पाहिलंय! विहीणबाईंचा दर रविवारी फोन येतो. "पॉलिश करताय ना?" "चकचकीत!" मी म्हणतो आणि क्वेता कपाळाला हात लावते.

वॉर्साच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बूट सापडलेत, असा काल निरोप आला. मी लगेच प्रवासाचा झकास बेत आखला. क्वेतानं तो नीट ऐकून घेतला, श्निट्झेल तळली आणि एकच तिकीट काढलं.

ती जाणार आहे. मी घरी बसून सपाता सांभाळायच्या, असं ठरलंय.